खाडी आडवी आली

नकाशा उघडा बघू. फोनवरचा नको, कागदाचा. रायगड जिल्ह्याची पश्चिमेची कड शोधा, मांडव्यावर बोट ठेवा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने खाली न्या. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा. थांबलं ना बोट? पाणी आलं. पलीकडे साळाव, कोर्लई, काशिद, नांदगाव, मुरूड, आगरदांडा. पुन्हा पाणी. पलीकडे दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला. पुन्हा पाणी, आणि तिथे जिल्हाच संपतो.

थंडीच्या दिवसांत आमची वरात या रस्त्याने निघाली. लेक गाडी चालवायला, सूनबाई शेजारी, मागे मी आणि दोन नातवंडं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवली आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. मोठी नात नकाशा घेऊन बसली होती. तिने विचारलं, "आजोबा, हा रस्ता सारखा तुटतो का हो?"

"पूल बांधले नाहीत म्हणून," लेक म्हणाला.

त्याचं खरं आहे. बॅरिस्टर अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले. ते याच जिल्ह्यातल्या आंबेतचे. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ साली त्यांच्याच काळात मिळालं. रेवसपासून थेट रेडीपर्यंत, म्हणजे गोव्याच्या वेशीपर्यंत, किनाऱ्याने एक सागरी महामार्ग जावा हे स्वप्न त्यांचं. चाळीसहून जास्त वर्षं उलटली तरी रस्ता तुकड्यातुकड्यांतच आहे. खाड्यांवरच्या पुलांची कामं आता निघाली आहेत.

"पण बाबांनी अर्धंच उत्तर दिलं," मी म्हटलं. "पूल का नाही हे सांगितलं. खाडी का आहे हे कुठे सांगितलं?"

"का आहे?"

"रेवदंड्याला सांगतो. आधी अलिबाग येऊ दे."

अलिबागला लोक वाळू आणि मासे यांच्यासाठी येतात. मी मात्र पोरांना आधी चुंबकीय वेधशाळेच्या फाटकासमोर उभं केलं. आत जाण्याची परवानगी काढलेली नव्हती, म्हणून बाहेरूनच. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावर मोठा स्फोट झाला, जगभर तारायंत्रं बिघडली, आणि त्या वादळाचा धक्का कुलाब्याच्या नोंदवहीतही उतरला. त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही त्या नोंदी काढून बसतात. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व तयार होतं, मग पृथ्वीचा बारीक आवाज कुठला ऐकू यायला? तेव्हा नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस कुलाब्याचे प्रमुख होते. त्या जागेवरचे ते पहिले भारतीय. त्यांनी तीसेक किलोमीटरवरचं अलिबाग निवडलं. १९०४ साली इथे नोंदी सुरू झाल्या आणि दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणजे जुन्या नोंदींना नव्या नोंदी नीट जोडता याव्यात. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली. सरकारी काम गरजेच्या आधी पूर्ण झाल्याचं हे उदाहरण मी पोरांना मुद्दाम सांगतो.

"इमारत बांधताना लोखंड टाळलं," मी म्हटलं. "आणि दगड आणला पोरबंदरहून."

"का? इथे एवढा काळा दगड आहे की!" धाकटा म्हणाला.

मला हाच प्रश्न हवा होता. हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. एक थर थिजला की त्यावर दुसरा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्या थरांनीच घडला आहे. या दगडात लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा निवताना त्या कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेने रोख धरतं आणि दगड पुरेसा थंड झाला की तसंच अडकून राहतं. म्हणजे या दगडाला स्वतःचं चुंबकत्व आहे, आणि वेधशाळेच्या भिंतीत ते कसं चालेल?

गंमत पुढेच आहे. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनच्या कातळातले हे अडकलेले रोख मोजले. विषुववृत्तापाशी चुंबकसुई आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावं तशी कलत जाते, म्हणून या रोखाच्या कलण्यावरून दगड कुठल्या अक्षांशावर थिजला ते काढता येतं. उत्तर निघालं विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण तीस अंशांवर. अलिबाग आज उत्तरेला साडेअठरा अंशांवर आहे. म्हणजे आपण उभे होतो ती जमीन तेव्हापासून उत्तरेला चालत आलेली आहे. खंड सरकतात की नाही यावर तेव्हा मोठमोठे विद्वान भांडत होते, आणि या काळ्या धोंड्यांनी त्यात साक्ष दिली.

धाकटा दगड उचलून खिशात घालायला लागला. घालू दिला.

अलिबागच्या समुद्रात कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, आणि पुढे आंग्र्यांनी तिथून आरमार चालवलं. बाहेरच्या तटाचे अजस्र दगड चुना न घालता नुसते रचले आहेत. लाट आली की पाणी फटींत शिरतं, तिचा जोर मोडतो, तट हलत नाही. ओहोटीला या किल्ल्यात चालत जाता येतं. पण ओहोटी कधी? मोठीने फोन काढला. मी म्हटलं, ठेव तो, तिथी सांग.

"षष्ठी," सूनबाईंनी सांगितलं.

इथले कोळी आणि आगरी बाप्ये तिथीची पाऊणपट करतात. षष्ठी म्हणजे सहा, सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती. तिच्या सहा तास आधी, म्हणजे साडेदहाच्या सुमाराला, ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा उशिरा माथ्यावर येतो, तशी भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्येला हिशेब सव्वाअकराचा येतो, प्रत्यक्षात बारा वाजतात. एवढी चूक पंचांगाला माफ आहे.

साडेदहाला आम्ही वाळूवर होतो. पाणी हटलेलं, पण पुरतं नाही. मध्ये गुडघाभर होतंच. "हिशेब चुकला," मोठी म्हणाली. वेळ चुकली नव्हती. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात. ते उधाण. तेव्हा पाणी चढतं खूप आणि हटतंही खूप. सप्तमी-अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकांच्या आडवी पडते. तो भांग. तेव्हा चढही कमी आणि उतारही कमी. षष्ठी भांगाकडे झुकलेली. आम्ही घोडागाडी केली.

गोव्याला उधाणाच्या भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरचा फरक असतो, इथे चार-साडेचार मीटरचा. चंद्र तोच. मग? याचं कारण समुद्राच्या तळात आहे. मुंबई-अलिबागसमोर समुद्र लगेच खोल होत नाही. शेकडो किलोमीटर उथळ, सपाट तळ पसरलेला आहे, आणि वर उत्तरेला खंभातचं आखात निमुळतं होत जातं. पसरट उथळ जागेत शिरलेली भरती दाबली जाऊन उंच होते. ही सपाट जागा लक्षात ठेवा. रेवदंड्याला तिचंच काम आहे.

नागावात जेवायला थांबलो. नारळ-पोफळीची वाडी, मधून पाट, आणि अंगणात विहीर. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि विहिरीचं पाणी गोड. धाकट्याने दोनदा पिऊन खात्री केली. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाली समुद्राचं खारं पाणी असतं. गोडं पाणी हलकं, म्हणून दुधावर साय धरावी तसं ते खाऱ्यावर तरंगतं. चाळीस बादल्या समुद्राच्या पाण्याचं वजन एक्केचाळीस बादल्या गोड्या पाण्याएवढं भरतं. त्यामुळे समुद्राच्या पातळीच्या वर एक हात गोडं पाणी साठलं, तर त्याच्या भाराने खाली चाळीस हात खोलपर्यंत खारं पाणी दबून राहतं.

"म्हणजे भरपूर आहे!"

उलटं करून बघ. पंप लावून वरचं पाणी एक हात उतरवलंस, तर खालून खारं किती वर येईल? चाळीस हात. पूर्वी रहाटाला बैल जुंपून शिंपणं चालायचं. बैल दमायचा, विहिरीला उसंत मिळायची. पंप दमत नाही. आता जागोजाग राहायच्या सोयी झाल्या, पोहायचे तलाव झाले, आणि विहिरींचं पाणी मचूळ होत चालल्याची तक्रार या पट्ट्यात कुणाकडेही ऐकायला मिळते. पोहायला समोर अख्खा अरबी समुद्र असताना गोड्या पाण्याचा तलाव कशाला हवा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

चौल दोन हजार वर्षांचं जुनं बंदर. ग्रीक लेखकांना ते ठाऊक होतं, अरब प्रवासी तिथे आले, पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन इथेच उतरला. आज चौलात बंदर शोधावं लागतं. वाड्या आणि देवळं मात्र पावलोपावली. मग रेवदंड्याचा पोर्तुगीज तट फोडून रस्ता बाहेर पडतो, आणि समोर कुंडलिकेची खाडी. इथे पूल आहे. पुलाअलीकडे गाडी बाजूला घेतली आणि सगळ्यांना खाली उतरवलं.

"आता सांगा, खाडी कोणी केली?"

"नदीने," मोठी म्हणाली.

कुंडलिका इवलीशी नदी. सह्याद्रीत उगम पावते, रोह्यावरून येते आणि संपते. एवढ्या नदीला एवढं रुंद आणि खोल पात्र कोरता येईल? आणि नदीने कोरलं असेल, तर भरतीचं खारं पाणी आत मैलोनमैल कसं जातं?

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वी आतापेक्षा बरीच थंड होती. उत्तर अमेरिका आणि युरोपचा मोठा भाग किलोमीटरभर आणि त्याहून जाड बर्फाखाली होता. ते पाणी आलं कुठून? समुद्रातून. त्यामुळे जगभर समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला होता. आता तो मघाचा सपाट तळ आठवा. तो तेव्हा उघडी जमीन होता. इथून किनारा दिसलाच नसता, तो पश्चिमेला दोनअडीचशे किलोमीटरवर होता. तेव्हा कुंडलिका इथे संपत नव्हती. खाली गेलेल्या समुद्राला गाठायला ती उतारावरून धावत होती, आणि धावणारी नदी खोल कोरते. ही दरी तेव्हाची.

मग हवा तापली, बर्फ वितळलं, समुद्र वर आला. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी तो आजच्या पातळीच्या आसपास पोचला. तेरा हजार वर्षांत १२० मीटर म्हणजे वर्षाला सरासरी सेंटिमीटरभर. माझ्या आयुष्यात जेमतेम कमरेपर्यंत. पण सपाट जमिनीवर सेंटिमीटरभर चढणारं पाणी आडवं फार पुढे सरकतं. भागाकार करून बघा, वर्षाला पंधरा-वीस मीटर जमीन गेली. आजोबांनी लहानपणी जिथे झोपडी पाहिली, तिथे नातवाने मासे धरले असतील. शेवटी समुद्र डोंगरांच्या पायथ्याशी आला आणि प्रत्येक दरीत आत घुसला. बुडालेली दरी म्हणजे खाडी. दऱ्यांच्या मधल्या सोंडा वर राहिल्या, आणि त्यांवर आपली गावं आणि रस्ता.

"हे कुणी बघितलं?" धाकटा हल्ली कशावरही विश्वास ठेवत नाही. हे लक्षण चांगलं आहे.

बघितलं नाही, पण सापडलं. १८७० च्या दशकाच्या अखेरीला मुंबईत प्रिन्सेस डॉक खणत होते. ओहोटीच्या पातळीच्याही खाली, चिखलात, शेकडो झाडांची खोडं निघाली. कितीतरी उभीच्या उभी, मुळं खालच्या मातीत रोवलेली. खैराची झाडं. खैर समुद्रात उगवत नाही. आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना दूर समुद्रात, खोल तळावर, उथळ पाण्यातच तयार होणारा चुनखडक मिळाला. आज तिथे वर साठ-सत्तर मीटर आणि त्याहून जास्त पाणी आहे.

मोठी पुलाच्या कठड्याला टेकून बराच वेळ पश्चिमेकडे बघत होती. लेकाने घड्याळ दाखवलं.

पूल ओलांडला की साळाव, पुढे कोर्लई. कोर्लईत पोर्तुगिजांच्या वेळची एक वेगळीच बोली अजून घरात बोलली जाते. काशिदला गर्दी होती, थांबलो नाही. तिथल्या सुरूच्या बनाबद्दल एवढंच सांगितलं की त्या हिरव्या सुया पानं नव्हेत, डहाळ्या आहेत. एक हातात घेऊन ओढा, सांध्यावर तुटते. त्या सांध्याभोवतीची बारीक खवलं म्हणजे खरी पानं. वाळूत खत नसतं, म्हणून मुळांतल्या गाठीत सूक्ष्मजंतू पाळून सुरू हवेतल्या नायट्रोजनचं खत करून घेतं. डावीकडच्या डोंगरात फणसाड अभयारण्य. पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून शेकरूंचं घर. ते पुढच्या वेळी.

मुरूडच्या वाळूवरून समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. सिद्दीच्या जंजिऱ्याला शह म्हणून शिवाजी महाराजांनी बांधलेला. अलिबागला दगड बिनचुन्याचे होते, इथे चुन्याचे. आणि झालंय असं की तीनशेहून जास्त वर्षांत दगड झिजून आत गेलेत आणि त्यांच्यामधला चुना चौकटीसारखा पुढे उभा आहे! पोरांना आधी खोटं वाटलं, होडीतून गेल्यावर पटलं. कुरतडणारं आहे मीठ. लाटेचं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, उन्हाने सुकतं, मिठाचे खडे मागे राहतात. पुढच्या लाटेला ते वाढतात. जागा पुरत नाही, मग दगडाचे कण रेटून बाहेर काढतात. रोज दोन भरत्या, वर्षानुवर्षं.

जंजिरा मात्र कुणाला मिळाला नाही. १६८२ च्या सुमाराला संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली होती. या किनाऱ्यावर पाण्यावरून रस्ता न्यायचा तो मोठा प्रयत्न. मोगली फौज दुसरीकडून चालून आली आणि काम अर्धवट राहिलं. लेक म्हणाला, "म्हणजे पूल रखडायची परंपरा जुनी आहे." मी ऐकलं नाही असं दाखवलं. महाराजांचं काम शत्रूमुळे थांबलं होतं, टेंडरमुळे नाही.

आगरदांड्याला गाडी जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीत, चढली. राजपुरीची खाडी रुंद आहे, आणि दिघीला बंदर झालं तेही बुडालेल्या दरीच्या खोलीमुळेच. काठाला कांदळवन. तिवराची मुळं चिखलातून उलटी वर येऊन हवा घेतात, पानं खारट लागतात कारण झाड मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कांदळाचं बी तर झाडावरच रुजतं. वीतभर लांब हिरवा कोंब फुटेपर्यंत आईला लटकून राहतं, मग खाली पडतं. ओहोटी असेल तर चिखलात रुततं, भरती असेल तर दुसऱ्या गावाला जातं.

दिवेआगरच्या वाळूत थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. ऊब जास्त तर माद्या. पुढे आरावीवरून श्रीवर्धनपर्यंतचा रस्ता समुद्राला इतका लगटून जातो की सूनबाईंनी गाडी स्वतः चालवायला घेतली.

श्रीवर्धनला बाळाजी विश्वनाथांचं गाव म्हणून नमस्कार करावा आणि मग पोफळी बघाव्यात. इथली रोठा सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं, ताशी शंभराच्या वर वेगाचा वारा घेऊन. पोफळ उंच आणि सडपातळ, वर्षं गेली तरी आंब्यासारखी बुंध्याने जाड होत नाही. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. काही वाड्यांत नव्या झाडांची उंची एकसारखी दिसते. ती तेव्हानंतरची.

हरिहरेश्वरला पोचलो ती अष्टमी. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. हा हिशेब मोठीने केला, कुणी न सांगता. डोंगराला वळसा घालणारी प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच मोकळी होते. भांग असल्यामुळे आम्हाला अर्ध्यातून परतावं लागलं, पण बघायचं ते अर्ध्यातच होतं. लाटांनी डोंगराचा पायथा कापून केलेला सपाट कट्टा. त्यात गोट्यांनी गरगर फिरून कोरलेले रांजण. आणि उभ्या कातळावर हजारो खळग्यांची जाळी. धाकटा ओरडला, "पद्मदुर्गासारखंच! मीठ!" त्याचे आजोबा त्या दिवशी पुजाऱ्यांनाही तेच सांगत सुटले होते, असं सूनबाई म्हणतात.

बागमांडल्याला सावित्रीची खाडी. पलीकडे वेसवी, रत्नागिरी जिल्हा. महाबळेश्वरला कृष्णा आणि सावित्री एकाच ठिकाणाहून निघतात असं आपण मानतो. कृष्णा चौदाशे किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला मिळते, सावित्री शंभरेक किलोमीटरमध्ये इथे येऊन मोकळी होते.

"मोकळी होते कुठे?" मोठी म्हणाली. "तेव्हा ती अजून पुढे जात होती ना? मग हे तिचं मुख कसलं? ही तर मधलीच जागा आहे."

मी काही बोलणार तेवढ्यात जेट्टीवरचा पोरगा काचेवर टकटक करून म्हणाला, "गाडी रिव्हर्स चढवा, हँडब्रेक लावा, आणि बोलायचं ते वर चढल्यावर बोला."